मरणाच्या दाखल्यावरचे प्रेसिडेंट

डॉक्टरांच्या घरी खालच्या मजल्यावरच्या टॉयलेटमध्ये मी पहिल्यांदा गेले आणि किंचाळत बाहेर आले. आत पाच पुरुष होते. सूट-टायमधले, दात काढून हसणारे, आणि पाचही जण नेमके कमोडकडे बघत होते. अमेरिकेचे पाच प्रेसिडेंट! मासिकांतून कापून, रीतसर फ्रेम करून, समोरच्या भिंतीवर ओळीने टांगलेले. डॉक्टर बाहेर पॅसेजमध्ये हाताची घडी घालून उभे होते.

"घाबरलीस? छान. मी रोज सकाळी घाबरतो. पोट साफ राहतं."

मी लंडनला नवीन होते आणि स्टॅनमोरला त्यांच्या घरी भाड्याची खोली बघायला आले होते. इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या कुणीतरी पत्ता दिला होता. निवृत्त, विधुर, एकटे, स्वभाव जरा विचित्र पण माणूस सोन्यासारखा, अशी शिफारस होती. आईने पुण्याहून फोनवर उलटतपासणी घेतली. एकट्या पुरुषाचं घर म्हटल्यावर तिचा आवाज चढला. मी घाईघाईने म्हटलं, "अगं, त्यांच्याकडे अमेरिकेच्या प्रेसिडेंट लोकांचे फोटो आहेत." कुठे आहेत ते सांगितलं नाही. आई एकदम मवाळ झाली. "मोठ्या लोकांत ऊठबस दिसते," म्हणाली. झालं, खोली पक्की.

त्या पाचांची खरी नावं या घरात घ्यायची नाहीत असा नियम होता. एक शेंगदाणेवाला, कारण त्याची शेंगांची शेती. दुसरा नट, कारण तो आधी सिनेमात होता. मग थोरले. मग पिपाणीवाला, त्याला वाजवायचा नाद होता म्हणून. आणि शेवटी धाकटे. थोरले-धाकटे हे बापलेक. "पेशवाईत असायचे तसे," डॉक्टर म्हणायचे, "आणि राज्यही तसंच बुडवणार." ते प्रेसिडेंटांबद्दल असं बोलायचे की नव्या माणसाला वाटावं, जमिनीवरून बिनसलेले चुलत-मावस भाऊ असतील.

डॉक्टर जन्मभर इथल्या एका सरकारी हॉस्पिटलात पॅथॉलॉजिस्ट होते. म्हणजे पेशंट त्यांच्याकडे पोचायचा तो मेल्यावरच. इथे मृत्यूचा दाखला लिहिताना साखळी लिहावी लागते. पहिल्या ओळीत माणूस प्रत्यक्ष कशाने मेला ते, तिला म्हणायचं वन-ए. तिच्याखाली वन-बी, म्हणजे ते कशामुळे झालं. त्याखाली वन-सी, म्हणजे आणि ते कशामुळे. माणूस निवृत्त झाला, पण साखळी काही सुटली नाही. माझ्या हातून दूध उतू गेलं की स्वयंपाकघराच्या दारातून आवाज यायचा, "वन-ए, दूध उतू गेलं. वन-बी, तू फोनवर होतीस. वन-सी, तुझ्या आईला तुझ्या लग्नाची घाई आहे." काय बोलणार, कप्पाळ! साखळी बरोबरच असायची.

"हार्ट फेल होऊन गेले" हे वाक्य त्यांच्यासमोर बोलायची सोय नव्हती. मंडळातल्या एका शोकसभेत कुणीतरी ते बोललं आणि डॉक्टर मागच्या रांगेतून उभे राहिले. "हार्ट सगळ्यांचंच बंद पडतं. गेले कसे ते सांगू नका. कशामुळे ते सांगा." समोर त्या गृहस्थांची बायको बसलेली! मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पण बाईंनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "सिगारेटमुळे हो. इतके दिवस कुणी विचारलंच नाही."  घरी येताना गाडीत डॉक्टर म्हणाले, "बघ, विचारावं लागतं."

अशा माणसाने बातम्या बघायच्या म्हणजे काय होत असेल! टीव्हीवर कुठे स्फोट झाला, कुठे विमान पाडलं, कुठे दाढीवाले बंदुका उंचावून ओरडताना दिसले, की डॉक्टर रिमोटने आवाज बंद करायचे आणि दाखला सुरू व्हायचा. धाकट्यांपासून निघून खाली उतरत उतरत शेंगदाणेवाल्यापाशी यायचे. रशियाला जेरीला आणायला त्याने अफगाण डोंगरातल्या धर्मवेड्यांना गुपचूप पैसे सुरू केले. नटाने त्यांना क्षेपणास्त्रं दिली, घरी बोलावून पाठ थोपटली. रशिया गेला तसे थोरल्यांनी त्यांना वाऱ्यावर सोडलं आणि स्वतःचं सैन्य अरबांच्या वाळूत नेऊन बसवलं. पिपाणीवाल्याने समुद्रातून बाण सोडले, त्यात एक औषधाचा कारखाना उडाला. आणि धाकटे तर काय, इराकमध्ये घुसलेच. "गुंडांना दूध पाजलं यांनी, आणि आता विचारतात चावतोय कोण!" रेडिओवर लोकांचे फोन घेतात त्या कार्यक्रमालाही ते फोन लावायचे. निवेदिका म्हणायची, "येस डॉक्टर, युअर पॉइंट?" हे सुरू करायचे, "वन-ए," आणि वन-बी येईपर्यंत गाणं लागलेलं असायचं.

एकदा मला मिल्टन कीन्सला इंटरव्ह्यू होता. डॉक्टर म्हणाले, मी सोडतो. त्या गावात दर दोन मिनिटांनी राउंडअबाउट, म्हणजे गोल वळसा घालून बाहेर पडायचा चौक. आणि डॉक्टरांची खोड अशी की वाक्य पूर्ण झाल्याशिवाय राउंडअबाउटमधून बाहेर पडायचं नाही. आम्ही एका राउंडअबाउटवर नटाच्या पूर्ण कारकिर्दीभर फिरलो. मी ओरडतेय, "डॉक्टर, तो बघा एक्झिट!" ते म्हणताहेत, "थांब गं, अजून क्षेपणास्त्रं पोचायचीयत." मला गरगरायला लागलं. मागचे हॉर्न वाजवताहेत. इंटरव्ह्यूला अर्धमेली आणि उशिरा पोचले. नोकरी अर्थातच गेली. परतताना मी रडायला लागले तर हा माणूस काय म्हणाला असेल? "वन-ए, उशीर. वन-बी, मी. सॉरी." स्वतःला त्यांनी साखळीत घातलेलं मी तेव्हाच पाहिलं. मग मला लंडनमध्ये नोकरी लागेपर्यंत त्यांनी भाड्याचा विषय काढला नाही.

रविवारी दुपारी मुकादम यायचे. डॉक्टर मुकादम, श्रीवर्धनकडचे कोकणी मुसलमान. दोघं मुंबईला मेडिकलला एका बाकावर. मुकादम पुढे मनोविकारतज्ज्ञ झाले. वेम्बलीला राहायचे. ते डॉक्टरांना "भटा" म्हणायचे आणि डॉक्टर त्यांना "मुकादम्या". बरोबर त्यांची बायको, म्हणजे आमच्या भाभी, नारळाच्या रसातलं काहीतरी डबाभर घेऊन यायच्या. आणि मुलगा आदिल. इथेच जन्मलेला, इंजिनियरिंगचं शिकणारा, उंच, लाजरा. काकांचे दाखले ऐकायला तो टेबलाशी सगळ्यात पुढे बसायचा. त्याचं मराठी गोड होतं, लिंगाचा पार बोऱ्या. "काका, तो गोष्ट परत सांगा ना, तो अ‍ॅक्टरवाला." काकांना तेवढंच हवं असायचं. डॉक्टरांना मूलबाळ नव्हतं.

मुकादम मात्र चिडायचे. मला याचं नेहमी नवल वाटायचं. साखळी सांगणारा भट आणि ती तोडणारा मुसलमान! "तुझे प्रेसिडेंट चोर आहेत, मान्य," मुकादम म्हणायचे. "पण ज्या मौलवीने पोरांच्या कानात विष ओतलं तो कुठाय तुझ्या दाखल्यात? ज्या बापाने पोरगं कुठे जातं ते विचारलं नाही, तो कुठाय? तुझ्या साखळीत माणूस नसतोच रे भटा. सगळे रोगच."

"माणूस वन-ए मध्ये असतो," डॉक्टर म्हणायचे. "मेलेला."

मग दोन हजार पाचच्या जुलैत लंडनच्या ट्रेन्समध्ये आणि बसमध्ये बॉम्ब फुटले. मी ऑफिसातून निघाले, थोडी चालत, थोडी मिळेल त्या बसने, पायाला फोड घेऊन संध्याकाळी स्टॅनमोरला पोचले. डॉक्टर रस्त्याच्या कोपऱ्यावर उभे होते, हातात थर्मास. चहा केव्हाच गार झाला होता. मला बघून पहिलं वाक्य, "जिवंत आहेस होय!" आणि एवढा मोठा माणूस तिथेच फुटपाथवर बसला. घरी आल्यावर टीव्ही लावला, आवाज बंद केला आणि म्हणाले, "वन-ए..."

मी किंचाळले. "डॉक्टर, आज नको! आज फक्त माणसं मेलीत!"

ते दचकले. त्यांना माझ्याकडून असा आवाज कधी ऐकायला मिळाला नव्हता. त्या दिवशी पुढचं काही बोलले नाहीत, पण रविवारी पुन्हा सुरू झाले. आणि त्याच रविवारी आदिल बोलला. मी वरण वाढत होते, मला शब्दन् शब्द आठवतो.

"काका, तुमचा वन-ए टू वन-सी मला पाठ आहे. पण यू ऑलवेज स्टॉप देअर. कॉज कळला, मग ट्रीटमेंट कोण करणार?"

डॉक्टर खूश झाले. "अरे, मी पॅथॉलॉजिस्ट. माझ्यापर्यंत येतो तेव्हा उशीर झालेला असतो."

"एक्झॅक्टली," आदिल म्हणाला. "म्हणून समवन हॅज टू डू समथिंग आधी."

"शाब्बास! बघ मुकादम्या, पोरगं विचार करतं!" डॉक्टरांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. मीही हसले. मुकादम तेवढे हसले नाहीत. त्यांनी मुलाकडे एकदा पाहिलं आणि पाण्याचा पेला उचलला.

त्यानंतर आदिलने रविवारी येणं हळूहळू बंद केलं. अभ्यास आहे, मित्र आहेत, असं भाभी सांगायच्या. डॉक्टर हिरमुसायचे. तो एकटाच तर मन लावून ऐकणारा होता.

पुढच्या वर्षी वसंतात, एका कामाच्या दिवशी सकाळी, दाराची बेल वाजली. मी आजारी म्हणून घरी होते. दारात मुकादम. फोन न करता कधी न येणारा माणूस, दाढी न केलेला, स्वेटर उलटा घातलेला. माझ्याकडे न बघता सरळ स्वयंपाकघरात गेले. डॉक्टर कारलं कापत होते. कारल्याच्या पातळ चकत्या करून खिडकीच्या उजेडात धरून बघायची त्यांची सवय होती, काचेवरचा नमुना बघावा तशी.

"आदिलने घड्याळ देऊन टाकलं," मुकादम म्हणाले. "त्याच्या मामेभावाला. बॅट शेजारच्या मुलाला. आज हेडफोन. म्हणतो, चॅरिटीच्या कामाला जातोय, नको आता मला."

"देऊ दे की. चांगलं लक्षण आहे."

"भटा, मी जन्मभर शिकाऊ डॉक्टरांना हेच शिकवलं. पेशंट आपल्या वस्तू वाटायला लागला की त्याला एकटं सोडू नका. तो निघालेला असतो." मुकादम खुर्ची ओढून बसले. "म्हणून मी गॅरेजमध्ये गेलो. कुलूप तोडून."

मग गॅरेजमध्ये काय काय ठेवलंय ते त्यांनी हळू आवाजात सांगितलं. ते इथे लिहायचं नाही. डॉक्टरांच्या हातातली सुरी खाली पडली. मला तर आधी कळलंच नाही. आदिल! वरणाची वाटी पुढे करताना "थँक यू ताई" म्हणणारा आदिल!

डॉक्टरांनी तोंड उघडलं. सवयच ती. "हे बघ, धाकट्यांनी इराकमध्ये..."

मुकादमांनी टेबलावर मूठ आपटली. कारल्याच्या चकत्या उडाल्या. "त्याला आज माझ्या घरात आणू नकोस!" घर डॉक्टरांचं होतं, पण कुणाच्या लक्षात आलं नाही. "तो प्रेसिडेंट येणाराय का गॅरेजमध्ये? मी पोलिसांचा तो संशयिताची खबर द्यायचा नंबर फिरवला. रिंग वाजली. ठेवून दिला. पुन्हा फिरवला. पुन्हा ठेवला. माझ्या हातून होत नाही रे. माझं पोर आहे ते. तू कर."

"मी?"

"त्याचं पाठांतर तू घेतलंस."

असं बोलून मुकादम स्वतःच दचकले. हात पुढे करून काहीतरी पुसून टाकावं तसे हवेत हलवत म्हणाले, "नाही, नाही, तसं नाही." पण बोललेलं बोललेलंच. डॉक्टरांच्या तोंडावरचा रंग उतरलेला मी पाहिला. असा चेहरा मी आधी पाहिला नव्हता, नंतरही नाही.

तो नंबर तेव्हा बसस्टॉपवर, पेपरात, सगळीकडे छापलेला असायचा. डॉक्टरांनी भिंतीवरचा फोन उचलला. मला वाटलं आता साखळी सांगतील. सगळं जग सांगतील. त्यांनी आदिलचं नाव सांगितलं, एकेक अक्षर फोड करून. पत्ता सांगितला. गॅरेजमध्ये काय आहे ते सांगितलं. घरात त्याची आई आहे, तिला हात लावू नका, ती हार्टपेशंट आहे, असं दोनदा सांगितलं. पलीकडून काहीतरी विचारलं असावं. डॉक्टर म्हणाले, "आय नो हिम सिन्स ही वॉज बॉर्न." बस्स. कशामुळे, ते त्यांना कुणी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

फोन ठेवला आणि मुकादमांच्या समोर बसले.

"घरी सांग, मी केला. तुला काहीच माहीत नव्हतं. मला गॅरेजचा संशय आला, भट पहिल्यापासून तसलाच, असं सांग."

"भटा..."

"तुला त्या घरात राहायचंय. भाभींना एकाचं तरी तोंड बघता आलं पाहिजे." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तू आजारी आहेस, झोपलेली आहेस. तू काही ऐकलेलं नाहीस."

मुकादम टेबलावर डोकं टेकून रडले. डॉक्टर त्यांच्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले. मी खरंच वर जाऊन झोपले.

आदिल आणि त्याचे दोन मित्र त्याच दिवशी पकडले गेले. कुणाला काही झालं नाही. कुठलीही ट्रेन, कुठलंही दुकान, काही नाही. पुढे खटला चालला, आणि बऱ्याच वर्षांची शिक्षा झाली. तुरुंगात त्याला भेटायला आईवडील जायचे. डॉक्टरांनी एकदा भेटीसाठी विचारलं होतं. आदिलने नकार कळवला.

वेम्बलीत बातमी पसरायला वेळ लागला नाही. भटाने मित्राच्या मुलाला धरून दिलं! ज्यांनी अडीअडचणीला डॉक्टरांचा सल्ला घेतला होता, ज्यांच्या बापांचे दाखले त्यांनी लिहिले होते, ती माणसंही रस्ता बदलायला लागली. ते परवडलं असतं. पण आपली मंडळी! मंडळाच्या गणपतीत एक गृहस्थ पेढा हातात घेऊन आले, डॉक्टरांचा हात हातात घेऊन जोरजोरात हलवला. "बरं केलंत डॉक्टर. यांना असंच पाहिजे. आपल्यातला एकतरी मर्द निघाला." चारजणांनी मान डोलावली.

डॉक्टरांनी आपला हात सोडवून घेतला. "कुणाला असंच पाहिजे?" त्यांनी विचारलं. शोकसभेत विचारलं होतं त्याच आवाजात. "तो माझ्या मांडीवर मुतलाय, साहेब. नाव घेऊन सांगा, कुणाला?" ते गृहस्थ हेंहें करत मागे सरले. आम्ही आरतीला थांबलो नाही. मला त्या माणसाच्या तोंडावर पेढा फेकून मारावासा वाटत होता, आजही वाटतो.

टॉयलेटमधले प्रेसिडेंट तिथेच राहिले. मी एकदा चिडून म्हटलं, काढून टाका ना आता ते. डॉक्टर म्हणाले, "का? यांचा गुन्हा कमी झाला काय? तो आहेच. पण त्यांच्या नावाने पोलिसांना फोन लावता येत नव्हता." रविवारी ते दोन ताटं घ्यायचे, एक माझं. दाखला बंद झाला. बातम्या लागल्या की आवाज चालू ठेवून शेवटपर्यंत ऐकायचे, मेलेल्यांची नावं येईपर्यंत.

आता शेवटचं सांगते. मी लग्न करून ते घर सोडायच्या आधी, एका शनिवारी आम्ही वेम्बलीत ईलिंग रोडला भाजी आणायला गेलो होतो. दुकानात गर्दी. मी कोथिंबिरीची जुडी उचलली आणि मान वर केली तर समोर मुकादम आणि भाभी. मुकादम फार म्हातारे दिसत होते. भाभींनी डॉक्टरांना पाहिलं. मला वाटलं, तोंड फिरवून जातील. त्या सरळ चालत आल्या.

"तुम्ही माझ्या घरचं जेवलात," त्या म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता. "माझ्या आदिलला तुम्ही शाळेत सोडलंत. मला एकदा येऊन सांगायचं होतंत. मी आई आहे. मी त्याचे पाय धरले असते. मी त्याला घरात कोंडलं असतं. तुम्ही त्याला सरळ पोलिसांना दिलंत. खरं ना? तुम्हीच केला ना फोन?"

दुकानात सगळे बघायला लागले होते. माझ्या तोंडाशी शब्द आले. डॉक्टरांनी माझं मनगट धरलं, मोडेल इतकं घट्ट.

"हो भाभी," ते म्हणाले. "मीच केला."

 भाभी नवऱ्याकडे वळल्या. "तुम्ही का गप्प? तुमचा मित्र आहे ना? बोला ना काहीतरी याला!"

मुकादमांनी मान वर केली. दोघांची नजर भेटली.  मला वाटलं, आता हा माणूस सांगणार. इतकी वर्षं झाली, आता तरी सांगणार.

"या माणसाशी मला काही बोलायचं नाही," मुकादम म्हणाले.

डॉक्टरांनी मान हलवली. हळूच, दोनदा. बरोबर, असंच बोल, म्हणावं तशी.